शास्त्र्याचा होकार

गेल्या वैशाखात वारूळवाडीतील एका शेजाऱ्याच्या दस्तावर मी साक्षीदार म्हणून सही केली. दस्त हक्कसोडपत्राचा होता. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर दोघा भावांच्या जोडीला बहिणीचेही नाव लागले होते. ते तिने राजीखुशीने कमी करून द्यावे, एवढाच त्या कागदाचा आशय. पुण्यास बरीच वर्षे विधीचे अध्यापन करून मी आता गावी येऊन राहिलो आहे. त्यामुळे अशा प्रसंगी मला बोलावण्याचा इकडे प्रघातच पडला आहे. ‘गुरुजींनी कागद वाचला आहे’ असे कोणी म्हटले की सर्वांच्या मनाचे समाधान होते. कचेरीच्या पडवीत पुकारा होण्याची वाट पाहत बसलो असता ती बाई माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “गुरुजी, मी नाही म्हटलं तर चालंल का?” मी म्हणालो, “कायद्यानं चालेल.” तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पदर सावरला आणि नाव पुकारले गेले तेव्हा आत जाऊन अंगठा उमटविला. तिच्या खाली मी सही केली.

माझे उत्तर चुकीचे नव्हते. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदु कन्येला वडिलार्जित मिळकतीत पुत्राच्या बरोबरीचा वाटा दिला आहे. तो ठेवावा की सोडावा, हा सर्वस्वी तिच्या मर्जीचा प्रश्न. आणि कोणाची जबरदस्ती तर दिसत नव्हती. तथापि कायदा विचारण्याच्या मिषाने त्या बाईने मला आणखी काही विचारले होते, आणि माझे ते बिनचूक उत्तर व माझी ती सही ही दोन्ही मिळून भावांच्या बाजूचा एक होकार झाला, ही गोष्ट परत येताना एस. टी.त माझ्या ध्यानात आली. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत आहे. शास्त्र जाणणारा मनुष्य जेव्हा बलवानाच्या बाजूने ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्या होकाराची नैतिक किंमत कशी ठरवावयाची?

नकाराची किंमत ठरविणे इतके अवघड नाही. रामशास्त्री प्रभुणे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. साताऱ्यानजीकच्या माहुलीचा हा ब्राह्मण काशीस जाऊन धर्मशास्त्र शिकून आला, पेशव्यांच्या पदरी राहिला आणि १७५९ साली मुख्य न्यायाधीशाच्या पदावर बसला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा वध केला. चौकशी होता होता बोट रघुनाथरावाकडे वळले. आणि नव्या धन्याने प्रायश्चित्त विचारले तेव्हा शास्त्रीबोवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले. ग्रँट डफने १८२६ साली आपल्या इतिहासात ही हकीकत घातली, १९४४ साली ‘प्रभात’ने तिचा चित्रपट केला, आणि आता तर ती म्हणीसारखी आमच्या तोंडी बसली आहे. तीत पुढच्यांनी रंग किती भरले हा भाग निराळा. परंतु या हकीकतीत शास्त्रीबोवांच्या विद्येचे काम फारसे नव्हते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. स्वतःच्या पुतण्याच्या खुनात ज्याचा हात, त्याला शासन काय, हे सांगावयास काशीची वारी कशाला हवी? नारायणगावच्या बाजारात कोणालाही विचारले असते तरी त्याने तोच निकाल दिला असता. फक्त तो रघुनाथरावाच्या तोंडावर सांगण्याची छाती त्याला झाली नसती. रामशास्त्र्यांपासून आपण धैर्य शिकतो. शास्त्र जेथे खरोखर संदिग्ध आहे आणि धनी मात्र एकच उत्तर ऐकावयास उत्सुक आहे, तेथे विद्वानाने कसे वागावे, हे त्यांच्या या प्रसंगावरून कळत नाही.

त्यासाठी शंभर वर्षे मागे गेले पाहिजे. वारूळवाडीहून जुन्नरच्या वाटेला लागले की पुढे शिवनेरी दिसू लागतो. त्या गडावर १६३० साली जन्मलेल्या मुलाला पुढे चव्वेचाळीस वर्षांनी राज्याभिषेक करणारा पुरुष हा, आजच्या भाषेत सांगावयाचे तर, धर्मशास्त्राचा प्राध्यापक होता. विश्वेश्वर हे त्याचे नाव; गागाभट्ट या नावाने तो आपल्याला परिचित आहे.

त्याच्या घराण्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण असे विद्यापीठासारखे घराणे मराठी माणसांत दुसरे झाले असेल असे मला वाटत नाही. मूळचे हे पैठणचे देशस्थ. सोळाव्या शतकाच्या आरंभी रामेश्वरभट्ट काशीस गेले आणि तेथेच राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे काशीच्या पंडितसभेचे धुरीण झाले. ‘प्रयोगरत्न’ व ‘त्रिस्थलीसेतु’ हे त्यांचे ग्रंथ. नारायणभट्टांच्या एका पुत्राचे नाव रामकृष्ण, दुसऱ्याचे शंकर. रामकृष्णभट्टांचे पुत्र दिनकर व कमलाकर. शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ. कमलाकरभट्टांनी १६१२ साली पूर्ण केलेला ‘निर्णयसिंधु’ आमच्याकडील भटजीच्या घरी अलीकडेपर्यंत असावयाचाच; एकादशी आज की उद्या, हा वाद त्याच्या आधारे मिटे. दिनकरभट्टांचा पुत्र तो गागाभट्ट. घरीच शिष्य, घरीच ग्रंथ, आणि दूरदूरच्या जातींचे, राजांचे, मठांचे तंटे व्यवस्थापत्रासाठी दारात. ऑक्सफर्डला किंवा केंब्रिजला त्या काळी रोमन कायदा शिकविणारे जे आचार्य होते, त्यांचा धंदा याहून फार निराळा नव्हता: सकाळी पाठ, दुपारी अभिप्राय.

आता १६७४ च्या प्रसंगाकडे वळू. शिवाजीमहाराजांजवळ गड होते, फौज होती, खजिना होता. परंतु आदिलशाही व मोगल दरबारच्या लेखी ते एका जहागीरदाराचे बंडखोर पुत्र होते. त्यांनी दिलेली सनद कोणत्या अधिकाराने दिली, त्यांनी केलेला तह कोणाला बांधतो, हे प्रश्न मोकळे होते. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर हजर होता, तो काही मेजवानीसाठी आला नव्हता. ज्याच्याशी करार करावयाचा तो कोण आहे, हे त्यालाही पाहिजेच होते. अभिषेक ही म्हणून केवळ हौस नव्हती. अडचण शास्त्राची होती. वैदिक राज्याभिषेक क्षत्रियाला. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, असे पुराणवचनांच्या आधारे मानणारे शास्त्री पुष्कळ. भोसल्यांच्या घरी मुंज होत नव्हती. गागाभट्टांनी मार्ग काढला. भोसल्यांची वंशावळ मेवाडच्या सिसोदियांना जाऊन मिळते, अतएव कुळ क्षत्रियाचेच; मध्यंतरी संस्कारलोप झाला, त्याला प्रायश्चित्त आहे. ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीस, म्हणजे २९ मे रोजी, चव्वेचाळीस वर्षांच्या महाराजांची मुंज झाली. राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा झाले. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, ६ जून रोजी, ते छत्रपती झाले.

या होकाराविषयी दोन प्रकारची मते आपल्याकडे ऐकू येतात. एका पक्षाला त्यात निव्वळ दक्षिणा दिसते. दुसऱ्याला निव्वळ देशभक्ती. दक्षिणेचा मुद्दा मला क्षुल्लक वाटतो. विद्वानाला कोणीतरी पोसावेच लागते, आणि मीही आयुष्यभर दरमहा पगार घेतला. विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. सभासदाने आपली बखर १६९७ च्या सुमारास लिहिली. तिच्यातील वर्णनावरून असे दिसते की शिवाजीने सिंहासनावर बसावे हा विचार गागाभट्टांच्याच मनात आला: यवन पातशहा छत्र धरून तख्तावर बसतात, मग ज्याने त्यांना नमविले त्याला छत्र का नसावे? म्हणजे निकाल आधी आणि कारणे मागाहून. शुद्ध तर्कशास्त्री येथे नाक मुरडील. पण न्यायाच्या कामाचा ज्याला थोडाही अनुभव आहे तो कबूल करील की असेच पुष्कळदा होते. प्रकरण ऐकता ऐकता मन एका बाजूस झुकते आणि मग आपण पोथी उघडतो. यात अप्रामाणिकपणा आहेच असे मी म्हणणार नाही. मी एवढेच विचारीन की, पोथी उघडल्यावर तिच्यात विरुद्ध वचन सापडले असते तर आपण थांबलो असतो काय? जे कारण आपल्याला कोणत्याही प्रसंगी अडवू शकत नाही ते कारण म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही.

हा प्रश्न मला प्रथम सुचला तो गागाभट्टांवरून नव्हे, एका इंग्रज प्राध्यापकावरून. विल्यम ब्लॅकस्टन हा रामशास्त्र्यांचा समकालीन. जन्म १७२३, मृत्यू १७८०. इंग्लंडचा देशी कायदा त्यापूर्वी विद्यापीठांत शिकवीतच नसत. तेथे रोमन कायद्याचा मान, आणि देशी कायदा लंडनमधील वकिलांच्या वसतिगृहांत उमेदवारी करून शिकावयाचा. ब्लॅकस्टनने १७५३ साली ऑक्सफर्डमध्ये त्यावर व्याख्याने सुरू केली. व्हायनर नावाच्या एका कायदेपंडिताच्या देणगीतून १७५८ साली अध्यासन निर्माण झाले, त्यावर पहिली नेमणूक त्याची. व्याख्यानांचे पुढे चार भागांचे पुस्तक झाले, १७६५ ते १७६९. आमच्या पिढीपर्यंत कायद्याच्या विद्यार्थ्याने त्याचे नाव आदराने घ्यावयाचे असे. गद्य सुरेख, मांडणी सुबोध. आणि लेखकाची प्रचलित व्यवस्थेवर इतकी श्रद्धा की जेरेमी बेंथॅम त्याच्या व्याख्यानाला सोळाव्या वर्षी जाऊन बसला तो जन्माचा विरोधक होऊन उठला.

हा ब्लॅकस्टन पार्लमेंटचाही सभासद होता. १७६९ साली जॉन विल्क्स या सरकारला नकोशा झालेल्या सभासदाला सभागृहातून काढून टाकले. मतदारांनी त्याला पुन्हा निवडले. सरकारपक्ष म्हणू लागला की बहिष्कृत सभासद पुन्हा निवडला जाण्यास कायद्यानेच अपात्र आहे. ब्लॅकस्टनने आपल्या अधिकारवाणीने त्याला दुजोरा दिला. तेव्हा ग्रेनव्हिल उठला आणि त्याने ब्लॅकस्टनच्याच पुस्तकातील अपात्रतेच्या कारणांची यादी वाचून दाखविली. हे कारण तीत नव्हते! पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत ती उणीव भरून निघाली. विरोधी पक्षाच्या मेजवान्यांत त्यानंतर पहिल्या आवृत्तीच्या नावाने पेले उंचावीत असत, असे सांगतात. गुलामांच्या बाबतीतही तेच. इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवताच गुलाम स्वतंत्र होतो, असे १७६५ च्या आवृत्तीत त्याने निःसंदिग्ध लिहिले होते. पुढील आवृत्त्यांत, धन्याचा त्याच्या चाकरीवरील हक्क कदाचित शिल्लक राहत असेल, अशी पुस्ती जोडली गेली.

ब्लॅकस्टन दुष्ट नव्हता. त्याचे खाजगी जीवन सचोटीचे होते, आणि लेखकाने मत बदलू नये असेही कोणी म्हणणार नाही. परंतु येथे पोथीने शास्त्र्याला अडविले आणि शास्त्र्याने पोथी दुरुस्त केली. वर्गात जे शिकविले ते सभागृहात गैरसोयीचे ठरले, तेव्हा वर्गातील वाक्य बदलले. मी जेव्हा शिकवीत होतो तेव्हा ही गोष्ट विद्यार्थ्यांना विनोद म्हणून सांगत असे व वर्ग हसत असे. आता तितके हसू येत नाही.

या कसोटीला गागाभट्ट उतरतात काय? माझ्या मते ब्लॅकस्टनपेक्षा पुष्कळच बरे उतरतात. त्यांनी रायगडावर नवीनच काही तत्त्व शोधून काढले असे नव्हते. कायस्थ प्रभूंच्या संस्कारांच्या अधिकाराविषयी त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोकणात राजापूर येथे १६६४ साली शेणवी ज्ञातीच्या अधिकाराविषयी पंडितांची सभा भरली, तीतही त्यांचा भाग होता. ज्यांच्या हाती तलवार नाही अशांच्या प्रश्नांतही हा विद्वान दार बंद करण्यापेक्षा किलकिले करण्याच्या बाजूचा होता, एवढे यावरून दिसते. महाराजांना दिलेला होकार हा त्यांच्या आधीच्या वागण्याशी सुसंगत होता. तो एकट्या राजासाठी घडवून घेतलेला अपवाद नव्हता.

तरीही माझे समाधान होत नाही. कलियुगात क्षत्रियत्व कशावरून ओळखावे, राज्य करणे व प्रजेचे रक्षण करणे हे कर्मच त्याचे लक्षण का नसावे, हा प्रश्न समोर उभा होता. एवढा मीमांसक, कुमारिलाच्या श्लोकवार्तिकाचा विषय श्लोकबद्ध करून त्या ग्रंथाला शिवरायांच्या नावावरून ‘शिवार्कोदय’ म्हणणारा, त्याला हा पूर्वपक्ष सुचला नसेल असे मानवत नाही. त्याने तो वाद टाळून वंशावळीचा आश्रय केला. याचा परिणाम असा झाला की नियम होता तसाच राहिला आणि एका पुरुषाला नियमाच्या आतल्या बाजूस नेऊन बसविण्यात आले. इंग्रजी कायद्यात अशा युक्तीला कल्पित म्हणतात. न घडलेली गोष्ट घडली असे मानावयाचे आणि जुना नियम शाबूत ठेवावयाचा. ब्लॅकस्टनला या कल्पितांचे मोठे कौतुक. जुन्या गढीत नव्या रहिवाशाला राहता यावे म्हणून आतून केलेली सोय, अशा अर्थाचे तो त्यांचे वर्णन करतो. गढी मात्र पडत नाही, हे त्यात आलेच.

आणि ती पडली नाही. सिसोदियांच्या वंशावळीने जे मिटले असे वाटले ते १८३० च्या सुमारास साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या वेळी पुन्हा उपटले. भोसल्यांच्या क्षत्रियत्वावर पुन्हा शास्त्रार्थ, पुन्हा पुरावे. १८९९ साली कार्तिकात कोल्हापूरचे शाहू महाराज पंचगंगेवर स्नानास गेले असता पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे असे उघडकीस आले, आणि त्यातून पेटलेला वाद वर्षानुवर्षे चालला. छत्रपतींच्या वंशजांनाच जेथे दर दोन-तीन पिढ्यांनी दाखला मागितला जात होता, तेथे ज्यांना वंशावळ लिहून देणारा कोणी नव्हता त्यांची काय कथा? गंमत अशी की १६७४ सालीच आश्विन शुद्ध पंचमीस निश्चलपुरी गोसाव्याने रायगडावर महाराजांना दुसरा, तांत्रिक अभिषेक केला. तंत्रमार्गात अधिकार दीक्षेने येतो. तेथे कुळाचा दाखला पुढे करावा लागत नाही. ती वाट तेथेच, त्याच गडावर, पाच महिन्यांच्या आत उघडी होती. पण प्रतिष्ठा वैदिक विधीची, म्हणून आपण ती विसरलो.

गागाभट्टांना याहून अधिक करता आले असते काय? मला शंकाच आहे. कर्मावरून क्षत्रियत्व असा निकाल त्यांनी दिला असता तर काशीतच त्यांना कोणी पंक्तीस घेतले नसते, आणि तो निकाल महाराजांच्या काही उपयोगी पडला नसता. कारण महाराजांना हवी होती ती सर्वांनी मान्य करावयाची मोहोर, विवाद्य सिद्धान्त नव्हे. राज्य उभे राहणे हीही एक धर्माचीच गोष्ट होती. त्यांच्या जागी मी असतो तर तेच केले असते, असे मी सहज लिहून जाणार होतो; पण मी माझ्या जागी काय केले ते वर लिहिलेच आहे.

त्याच घराण्यात आणखी एक होकार होऊन गेला. तो कोणी मागितलेला नव्हता. गागाभट्टांच्या वडिलांचे चुलतभाऊ नीलकंठभट्ट यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात यमुना-चंबळेच्या संगमाजवळील भरेह येथील भगवंतदेव नावाच्या सेंगर राजाच्या आश्रयाने ‘भगवंतभास्कर’ हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यातील एक ‘व्यवहारमयूख’. निपुत्रिकाच्या धनाचे वारस सांगताना याज्ञवल्क्याने पत्नी, कन्या, आईबाप, भाऊ, पुतणे यांच्यानंतर ‘गोत्रज’ असा शब्द घातला आहे. बहीण लग्नाने परगोत्रात जाते, म्हणून तिचा विचार येथे कोणी फारसा करीत नसे. नीलकंठभट्ट आजीनंतर बहिणीला घेतात. त्यांचे म्हणणे असे: गोत्रज म्हणजे गोत्रात जन्मलेला; बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली; आता ती सगोत्र राहिली नाही हे खरे, पण धन मिळण्याचे कारण म्हणून स्मृतीने सगोत्रता सांगितलेली नाही. शिवाय मनूने जवळच्या सपिंडाकडे धन जाते असे म्हटले आहे, आणि बहिणीहून जवळचे कोण?

ग्रंथात ही चर्चा अगदी थोडक्यात आटोपली आहे. तिच्यात स्त्रियांविषयी कळवळ्याचा एक शब्द नाही, आणि असता तरी त्याची मला फारशी मातबरी वाटली नसती. शब्दाने जेथे नेले तेथे हा गृहस्थ गेला, इतकेच. भरेहच्या राजाला त्यातून काही मिळावयाचे नव्हते. कोणती बहीण दारात उभी नव्हती. दक्षिणा कोणी ठेवली नव्हती. वडीलधाऱ्या ग्रंथकारांची रूढ समजूत एवढीच आड येत होती, आणि ती आपल्याच घरच्या विद्येने त्यांनी बाजूला केली. बहिणीला मिळालेली ही जागा तशी फार मागची. पुढे दहा-एक वारस निर्वंश झाले तर तिची पाळी. पण ती एका बहिणीची नव्हती, साऱ्या बहिणींची होती. गुजरातेत, मुंबई बेटात आणि उत्तर कोकणात इंग्रजी न्यायालयांनी ‘मयूख’ मिताक्षरेहून वरचढ मानला, पुणे, अहमदनगर व खानदेश या भागांत तिच्या बरोबरीचा. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ साली टीपांसह मूळ ग्रंथ छापला. मुंबई इलाख्यातील बहीण या चार ओळींच्या बळावर वारस ठरत आली. मिताक्षरेखालील इतर प्रांतांतील बहिणीला असे जवळचे स्थान मिळण्यास १९२९ चा कायदा व्हावा लागला, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षे थांबावे लागले. १९५६ च्या वारसा कायद्याने ‘मयूख’ मागे पडला, २००५ च्या दुरुस्तीने तर कन्येचा अधिकार जन्मतःच आला.

गागाभट्टांच्या होकाराने एक राज्य उभे राहिले आणि त्याचे उत्सव होतात. नीलकंठभट्टांच्या चार ओळींचा उत्सव कोण करणार? दोघेही एकाच घरात वाढलेले. तरी दोहोंतून एकच निवडा असे मला कोणी म्हटले तर मी त्या चार ओळी निवडीन. रायगडावरील गर्जना सोडून असे करणे पुष्कळांना अरसिकपणाचे वाटेल, आणि शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलखात राहून ते बोलणे तर धोक्याचेही आहे. पण तेथे शास्त्र एका थोर पुरुषाच्या मागोमाग चालत गेले. येथे शास्त्री शास्त्राच्या मागोमाग गेला, आणि ज्यांच्यासाठी गेला त्यांना त्याचे नावही कळले नाही.

आता कायदा बहिणीच्या बाजूला इतका स्पष्ट आहे की तिला नीलकंठभट्टांची गरज उरलेली नाही. तिला गरज आहे ती कचेरीच्या पडवीत बसलेल्या माणसाची. त्या दिवशी मला आणखी दोन-तीन वाक्ये बोलता आली असती. सही आजच केली पाहिजे असे नाही, एवढे सांगता आले असते. कागद लिहिताना मोबदल्याच्या रकान्यात ‘काही नाही’ असे घातले आहे, ते तिने वाचून पाहावे, असे म्हणता आले असते. भावांना बोलावून, तिच्या नावाने दहा गुंठे तरी राहू द्या, विहिरीच्या पाण्यात हिस्सा राहू द्या, असे सुचविता आले असते. ते माझे ऐकत नाहीत अशातला भाग नाही. किंवा साक्षीदार दुसरा पाहा, असे म्हणून मी उठता आलो असतो. यांपैकी एकही गोष्ट करण्यास रामशास्त्र्यांचे धैर्य लागत नव्हते. माझ्यावर कोणाची सत्ता नाही. फार तर भाऊबंदांत चार दिवस कुजबुज झाली असती आणि सकाळचे दूध दुसऱ्या घरून आणावे लागले असते. बाईने मला नेमका जो प्रश्न विचारला त्याचे नेमके उत्तर दिले, असे मी स्वतःची समजूत घालीत आलो; शिकविताना मुलांना मी नेहमी हेच सांगत असे, की विचारले तेवढेच लिहा.

दिवाळीत ती भाऊबिजेला माहेरी आली होती. पाटावर भावांना बसवून तिने ओवाळले, त्यांनी साडी केली, सर्व काही रीतीप्रमाणे झाले, असे तिच्या भावजयीने आमच्या घरी येऊन सांगितले. पूर्वी आली म्हणजे ती एकदा तरी आमच्या ओट्यावर टेकून पाणी पिऊन जात असे. या खेपेस संध्याकाळच्या गाडीला निघताना ती रस्त्याच्या पलीकडून गेली. मी ओट्यावरच होतो.